पहिला जंतू सापडल्यावर

सकाळी पावणेआठला मायक्रोबायॉलॉजीच्या खोलीचं कुलूप काढलं तेव्हा ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायचं, मशीन वाजत होतं. स्क्रीनवर एक कप्पा लाल. बाटली आदल्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आत गेलेली आणि सकाळी सात चाळीसला लागलेली, म्हणजे साडेदहा तासांत आत जंतू वाढलेला. इतक्या लवकर बाटली लागली की मी पर्स ठेवायच्या आधी हातमोजे चढवते.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं हेच काम करते. शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, तेव्हा दुधातले आणि मातीतले जंतू जास्त शिकले. माणसाच्या रक्तातले जंतू इथं येऊन शिकले, आणि त्यातलं बरंचसं एका पेशंटनं शिकवलं. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय थोडं बदललंय, बाकी घडलं तसं लिहिते.

मामा पन्हाळ्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. ऊस आणि थोडं भात. प्लेटलेट कमी होण्याच्या आजारासाठी चार महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. ऑक्टोबर संपत आलेला. ताप, उलट्या, पोट दुखतंय आणि कोरडा खोकला, एवढ्यावर ॲडमिट झाले. वॉर्डातून त्यांची एकच बाटली आली होती, त्या सकाळी लागलेली ती हीच, आणि फॉर्मवर लिहिलं होतं ‘ताप, तपासणीसाठी’. बस्स. स्टिरॉइडचा शब्दही नाही.

बाटलीतलं रक्त काढून काचेवर पसरलं आणि ग्राम स्टेन केला. हान्स क्रिस्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली ही पद्धत मांडली आणि अजूनही रक्ताच्या संसर्गाची पहिली खबर आम्ही वॉर्डाला याच रंगांवरून देतो. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं, शेवटी लाल. ज्यांनी जांभळा धरून ठेवला ते ग्राम पॉझिटिव्ह, ज्यांचा धुऊन गेला आणि वर लाल चढला ते ग्राम निगेटिव्ह. मामांच्या काचेवर लाल काड्यांचा नुसता सडा पडला होता. ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय. दोन-तीन ठिकाणी जांभळे ठिपके दिसले, जोडीजोडीनं. मी ते पाहिले. आणि रंगाचा गाळ असेल असं मनाशी म्हणून पुढं गेले.

त्या दिवशी ऊसदरासाठी चक्काजाम होता, माझी जोडीदार शिरोळकडून येते ती अडकली होती, टेबलावर बाटल्यांची रांग होती. हे कारण म्हणून सांगत नाही. गाळ आणि जंतू यांतला फरक मला कळतो. गाळ काचेच्या एकाच पातळीवर नसतो, फोकस हलवला की तो वरखाली होतो, त्याच्या कडा फाटक्या असतात. ते ठिपके गोल होते आणि काड्यांबरोबरच फोकसमध्ये येत होते. मी अर्धा मिनिट जास्त दिलं असतं तर कळलं असतं. फोन उचलला आणि वॉर्डाला ‘ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय’ एवढंच कळवलं. वॉर्डात सेफ्ट्रिॲक्सोन आणि अमिकासिन ही अँटिबायोटिक चालू झाली.

दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी, ओल्या, फुगलेल्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके, होते. लूप लावून वर उचलला की तार निघत होती, थेट काकवीसारखी. असं दिसलं की क्लेब्सिएला हे नाव तोंडावर येतंच. ब्लड अगारवरही, म्हणजे रक्त घातलेल्या प्लेटवरही, तोच करडा चिकट थर सगळी प्लेट व्यापून बसलेला. मी ओळखीच्या टेस्ट लावल्या, रिपोर्टात नाव टाकायला घेतलं.

आमच्या सरांची एक सवय आहे. कुठलीही ब्लड कल्चरची प्लेट टाकून देण्याआधी ते ती खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरायला लावतात, झाकण काढून, तिरकी. मला सुरुवातीला हा त्यांचा सोपस्कार वाटायचा. त्या दिवशी प्लेट उजेडाला धरली आणि शेवटच्या रेघांच्या टोकाला, जिथं क्लेब्सिएला विरळ झाला होता, तिथं खसखशीएवढे करडे ठिपके दिसले. दोन मोठ्या कॉलन्यांच्या मधे दबून बसलेले. सुईनं एक टिपला, काचेवर घेतला. जांभळे गोल, जोडीनं आणि आखूड साखळीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडा नाही. पित्त आणि एस्क्युलिन घातलेल्या नळीवर लावला तर संध्याकाळपर्यंत नळी काळी पडली, तळाला लागलेल्या भाताच्या पातेल्यासारखी. एन्टेरोकोकस.

म्हणजे ते जांभळे ठिपके गाळ नव्हते. आणि सेफ्ट्रिॲक्सोनसारखी नेहमीची सेफॅलोस्पोरिन एन्टेरोकोकसला मारत नाहीत, ते त्याच्या जातीतच आहे. सेफ्ट्रिॲक्सोन देऊन आपण क्लेब्सिएलाला मारत होतो आणि दुसऱ्याला रान मोकळं करून देत होतो. मिश्र संसर्गात हेच होतं. एकावर लागू पडणारं औषध दुसऱ्याला स्पर्धक नसलेलं शेत मिळवून देतं. मेरोपेनेम या अँटिबायोटिकवर असलेल्या पेशंटमध्ये स्टेनोट्रोफोमोनास नावाचा जंतू वर येतो तो असाच, कारण मेरोपेनेम त्याला जन्मतःच लागू नाही.

मी वॉर्डात फोन केला. दोन जंतू आहेत, दुसरा एन्टेरोकोकस आहे, औषध बदलावं लागेल. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, दोन-दोन जंतू म्हणजे कंटॅमिनेशन असणार. सॅम्पल परत पाठवतो.”

कंटॅमिनेशन. हा शब्द ऐकला की मला एक मुलगी आठवते. नऊ वर्षांची, निपाणीकडची, रक्ताचा कॅन्सर. केमोनंतर दहाव्या दिवशी ताप घेऊन आमच्याकडे आली. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नव्वद. पाचशेच्या खाली गेल्या तरी आम्ही धास्तावतो, आणि तिच्या नव्वद होत्या. तोंड आतून सोललेलं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. आईच्या हातात दुसऱ्या गावच्या एका लॅबचा दोन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट होता. त्यावर एक ओळ: ‘मिश्र वाढ. नमुना दूषित असण्याची शक्यता. पुन्हा पाठवावा.’

तोवर दोन दिवस अँटिबायोटिक चालू झालेलं. आम्ही घेतलेल्या बाटल्या पाच दिवस मशीनमध्ये राहिल्या आणि काहीही वाढलं नाही. त्या लॅबला मी स्वतः फोन केला. प्लेटा टाकून दिल्या होत्या. कोणकोणते जंतू होते, कशाला दाद देत होते, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. डॉक्टरांनी अंदाजानं जे जे देता येईल ते दिलं. ती सहाव्या दिवशी गेली. नावं कळली असती तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, तेवढं मला माहीत नाही. पण ज्या रक्तात उत्तर होतं ते रक्त त्या मुलीनं सुई टोचून घेऊन दिलं होतं, आणि आपल्याकडच्या कोणीतरी ते वाचायचे कष्ट घेतले नाहीत. तिचं तोंड सोललं होतं तसंच आतडंही आतून सोललेलं असणार. तोंडातले आणि आतड्यातले जंतू एकेकटे राहत नाहीत, मग रक्तात उतरताना एकेकटे का उतरतील?

बाटली दूषित होते हे खरं आहे. कातडी नीट पुसली नाही, सुकू दिली नाही, तर कातडीवरचे जंतू सुईबरोबर आत जातात. चांगल्या ठिकाणी शंभरातल्या तीनहून कमी बाटल्या अशा निघाव्यात अशी अपेक्षा असते. पण दूषित करणारे बहुतेक ओळखीचे असतात. कातडीवरचे स्टॅफिलोकोकस, कोरिनेबॅक्टेरियम, तसेच काही. ते बहुधा एकाच बाटलीत, उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतात. क्लेब्सिएला आणि एन्टेरोकोकस साडेदहा तासांत एकत्र उगवत असतील तर ते बेंबीच्या आतून आलेत, दंडाच्या कातडीवरून नाही. उलट बाजूही सांगायला हवी. केमोसाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध द्यायची नळी, बसवलेल्या पेशंटमध्ये तोच कातडीवरचा स्टॅफिलोकोकस खरा गुन्हेगार असू शकतो, आणि त्याच्याबरोबर दुसराही कोणी. तिथं आम्ही पोर्टमधून एक आणि हातातून एक असं रक्त एकाच वेळी घ्यायला सांगतो. पोर्टची बाटली हातापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी लागली तर जंतूंचं घर पोर्टमध्ये आहे. पण यासाठी दोन्ही बाटल्यांत रक्त सारखं पाहिजे आणि दोन्ही एकाच वेळी मशीनमध्ये जायला पाहिजेत. वॉर्डातल्या फ्रीजवर चार तास पडून राहिलेल्या बाटलीवरून मी काहीही सांगू शकत नाही.

मामांच्या वेळी माझं भांडण वॉर्डाशी नव्हतं, एकाच बाटलीशी होतं. एकाच हातातून एकच बाटली आली असेल तर कोणीही कंटॅमिनेशन म्हणू शकतो आणि मला ते खोडून काढता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात संसर्ग असतानासुद्धा एका मिलिलिटरला कित्येकदा एखादाच जंतू असतो, कधी तेवढाही नसतो. त्यात दोन जातींचे असतील आणि दुसरा विरळ असेल, तर पाच मिलिलिटर रक्तात तो यायचाच नाही. म्हणून दोन हातांतून बाटल्यांच्या दोन जोड्या, दर बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. लहान मुलांत वजनाप्रमाणे कमी. ‘एवढं रक्त?’ म्हणून नातेवाईक बिचकतात, आणि ॲनिमियाच्या पेशंटचं एकेका हातातून वीस मिलिलिटर काढायला सिस्टरचाही हात अडतो. मला ते कळतं. तरी मी दर वेळी सांगते, कारण पहिल्या डोसाआधीचं रक्त परत मिळत नाही. आणि ज्याच्या पेशी पाचशेच्या खाली आहेत त्याला तो डोस तासाच्या आत जायलाच हवा, माझ्या बाटलीसाठी तो थांबू शकत नाही. म्हणजे ही सगळी धावपळ त्याच तासात बसवायची.

मामांच्या नव्या दोन जोड्या आल्या. दोन्हींत एन्टेरोकोकस लागला. जोडीला ॲम्पिसिलिन दिलं. ताप उतरला. मामी जेवणाचा डबा घेऊन येताना लॅबच्या दारात थांबून म्हणाल्या, “आज भाकरी मागितली बगा त्यानी.” आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

सहाव्या दिवशी पुन्हा ताप, पुन्हा थंडी. पुन्हा बाटल्या. या वेळी ई. कोलाय, सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणारा, आणि त्याच्याबरोबर थोडा क्लेब्सिएला. आता कोणी कंटॅमिनेशन म्हणालं नाही. पोटाचा सीटी झाला. कुठं गळू नाही, आतडं फुटलेलं नाही, पित्ताशय साफ. आतड्याची भिंत थोडी जाड, एवढंच. मेरोपेनेम चालू झालं आणि सगळे पुढच्या कल्चरची वाट बघू लागले.

सरांनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, “हे तिघं कुठं राहतात?”

“आतड्यात, सर.”

“मग दर वेळी वेगळी जोडी बाहेर येतेय म्हणजे गळती चालू आहे. भोक दिसत नाही. बारीक भोकं असतील, पुष्कळ. कोण पाडतंय?”

ते उठून वॉर्डात गेले. मीही मागून गेले, जे मी एरवी करत नाही. सरांनी मामांचा सदरा वर केला. बेंबीभोवती जांभळट ठिपके होते, कोणी अंगठे उमटवावेत तसे. प्लेटलेटचा आजार असल्यामुळे सगळ्यांनी ते प्लेटलेटच्या खात्यावर टाकले होते. पण प्लेटलेट तर स्टिरॉइडनं वर आल्या होत्या. सरांनी विचारलं, शेतात पायात काय घालता? मामा म्हणाले, “पाण्यात कशाला काय घालायचं? पाणी पाजताना चप्पल रुतती की. अनवाणीच.” स्टिरॉइड किती दिवस? चार महिने. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “संडासचा नमुना घे. आत्ता. तू स्वतः बघ.”

सलाइनच्या थेंबात नमुना कालवून काच दहाच्या लेन्सखाली ठेवली. दुसऱ्याच फील्डमध्ये एक अळी वळवळत गेली. मग आणखी एक. हुकवर्म या दुसऱ्या जंताची अळीही अशीच दिसते, म्हणून चाळीसच्या लेन्सवर जाऊन तोंड पाहिलं. हुकवर्मचं तोंड लांब असतं, हिचं आखूड होतं. स्ट्रॉन्जिलॉइडिस.

हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशाशी, गिळला जाऊन आतड्यात. १८७६ साली लुई नॉर्मांद या फ्रेंच डॉक्टरनं तो कोचीनचायनाहून, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममधून, परतलेल्या सैनिकांच्या विष्ठेत पहिल्यांदा पाहिला. त्याची वेगळी चाल अशी की तो माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा नवी पिढी चालवू शकतो. त्यामुळे एकदा शिरला की वीस-तीस वर्षंही राहतो आणि माणसाला पत्ताही नसतो. प्रतिकारशक्ती त्याला मोजक्या संख्येत दाबून ठेवते. स्टिरॉइडनं ती झाकली की तो बेसुमार वाढतो, अळ्या आतड्याची भिंत भेदून सगळीकडे निघतात, आणि निघताना आतड्यातले जंतू अंगावर घेऊन रक्तात उतरतात. जंत असला की इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात असं आपण शिकतो, पण स्टिरॉइड त्यांनाही दाबतं. मामांच्या एक टक्का होत्या. तो कोरडा खोकलासुद्धा फुफ्फुसातून जाणाऱ्या अळ्यांचा होता. नंतर थुंकीतही त्या सापडल्या.

मी त्याच दिवशी एक साधी न्यूट्रिएंट अगारची प्लेट घेतली, मध्यभागी नमुन्याचा लहान गोळा ठेवला आणि कडेनं चिकटपट्टी लावून बंद केली. पट्टी लावायचीच, कारण अळ्या प्लेटबाहेर चालत येतात आणि आपल्या हाताच्या कातडीतूनही शिरू शकतात. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाला धरली. गोळ्यापासून कडेपर्यंत नागमोडी वाटा गेल्या होत्या. एखाद्या लहान मुलीनं रांगोळीचे ठिपके चुकत चुकत टाकावेत तशा जंतूंच्या बारीक कॉलन्या त्या वाटांवर ओळीनं उगवलेल्या. अळी जिथं जिथं सरपटली तिथं तिथं तिनं जंतू पेरले होते. मी ती प्लेट कितीतरी वेळ हातात धरून बसले. हेच आठ दिवस मामांच्या आतड्याच्या भिंतीत चाललं होतं, आणि आम्ही बाटलीमागून बाटली त्या वाटांच्या टोकाला बसून नुसते जंतू मोजत होतो.

आयव्हरमेक्टिन चालू झालं. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. इथं मात्र नेहमीसारखा एखादा डोस देऊन भागत नाही, नमुने सलग दोन आठवडे साफ येईपर्यंत रोज द्यावं लागतं. स्टिरॉइड डॉक्टरांनी बेताबेतानं उतरवलं. ते एकदम बंद करणंही जिवावर बेततं, म्हणून कोणी हे वाचून आपल्या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. त्यानंतरची एकही बाटली लागली नाही. महिन्यानं मामा घरी गेले.

तेव्हापासून आमच्याकडे काम थोडं बदललं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटची बाटली लागली की तिचा ग्राम स्टेन दोघींनी वेगवेगळा वाचायचा. काड्या दिसल्या तरी ठिपके शोधत राहायचं, आणि ठिपके दिसले तरी काड्या. असिनेटोबॅक्टरसारखा जंतू जांभळा रंग अर्धवट धरून ठेवतो आणि दोन जातींचा भास करून देतो, तेही ध्यानात ठेवायचं. मॅकॉन्कीवर ग्राम पॉझिटिव्ह सहसा उगवत नाहीत, म्हणून शेजारी कोलिस्टिन आणि नॅलिडिक्सिक ॲसिड घातलेली ब्लड अगारची प्लेट लावायची, तिथं ग्राम निगेटिव्ह दबतात आणि खसखशीएवढ्यांना जागा मिळते. प्रोटियस नावाचा जंतू असला की तो लाटेसारखा सगळ्या प्लेटवर पसरतो आणि बाकीच्यांना बुडवतो, त्याच्यासाठीही हीच प्लेट उपयोगी. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ही टेस्ट, लावताना जंतू कालवलेल्या त्याच पाण्यातला एक थेंब वेगळ्या प्लेटवर, शुद्ध आहे का ते बघायला. औषधाच्या डिस्कभोवतीच्या स्वच्छ गोलात बारीक कॉलन्या दिसल्या तर तो रिपोर्ट जाऊ द्यायचा नाही. प्लेटा ४८ तास ठेवायच्या. बॅक्टेरियाच्या गर्दीत कॅन्डिडा ही बुरशी दोन दिवसांनी डोकं वर काढते, ती चोवीस तासांत टाकून दिलेल्या प्लेटवर कोणाला दिसणार?

मला बरेच जण विचारतात, आता मशीनं आली आहेत, मग हे कशाला? मालडी-टॉफ नावाचं यंत्र कॉलनीवरून काही मिनिटांत नाव सांगतं. आमच्याकडे नाही, गरज पडली तर कॉलनी पुण्याला पाठवतो. पण त्याला दोन जंतूंचं मिश्रण दिलं तर जो जास्त आहे त्याचं नाव ते सांगतं, किंवा काहीच सांगत नाही. आधी दोघांना वेगळं करावंच लागतं. बाटलीतून थेट करायची पीसीआर पॅनेल आहेत, तासाभरात एकाच वेळी अनेक जंतू आणि औषधाला न जुमानण्याची जनुकं शोधतात. मिश्र संसर्गात ती खरंच मोलाची आहेत, मला स्वतःला ती परवडावीत असं फार वाटतं. तरी यादीत नाव नसलेला जंतू त्यांना दिसत नाही, आणि दोन जंतू असताना जनुक सापडलं तर ते दोघांपैकी कोणाचं हे त्यांना सांगता येत नाही. त्यासाठी प्लेटच लागते. आणि अळी तर कुठल्याच बाटलीत दिसत नाही.

सरांनी आमच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला. ‘केमो, स्टिरॉइड, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही: काय, किती दिवस?’ तो बहुतेक रिकामाच येतो. मग मी फोन करते, आणि फोनवरही उत्तर बरेचदा ‘नाही’ असं येतं, कारण पेशंटला ठाऊकच नसतं. आपल्याकडे गुडघेदुखीच्या, दम्याच्या पुड्या मिळतात, नाव नसलेल्या कागदात. त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. घेणारा म्हणतो, आयुर्वेदिक आहे, गुण लगेच येतो. इतक्या लगेच गुण येतो म्हणूनच विचारायला हवं.

फेब्रुवारीत मामा लॅबच्या दारात उभे. अंगानं भरलेले. गावात गुऱ्हाळ चालू होतं, त्यांनी काकवीची बाटली आणली होती. पायात गमबूट. “बगा मॅडम, आता पाण्यात बी हेच,” म्हणून त्यांनी पाय वर करून दाखवला. मागं त्यांचे थोरले भाऊ उभे होते, हातात प्लॅस्टिकची डबी घेऊन.

“ह्याचं बी बगा म्हटलं. एकाच शेतात जन्म गेलाय दोगांचा.”

मी भावांना विचारलं, काही त्रास? काही नाही. ताप, खोकला, पोट? काही नाही. काही गोळ्या?

“गोळ्या न्हाईत. गुडघ्याला पुड्या घेतोय तेवढ्याच. वरीस झालं. लई गुण हाय.”

मी सरांना फोन लावला, पुड्या घेऊन उद्याच ओपीडीत यायला सांगितलं आणि डबी आत घेतली. सलाइनच्या काचेवर काही दिसलं नाही, चार काचा बघितल्या. मग प्लेट लावली, मध्यभागी गोळा, कडेनं पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरली. गोळ्यापासून डावीकडं, ठिपक्याठिपक्यांची एक नागमोडी वाट गेली होती.